हरिचंदकाकांची चाल

गोरेगावच्या जीप थांब्यावर सवाऱ्या भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि गाडी हलेपर्यंत माणसं करणार काय? जगनची नक्कल बघणार. जगन शेजारच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, "सेनगाव, हिंगोली" ओरडून जीपवाल्यांना सवाऱ्या गोळा करून देणारा. कुणी थांब्यावरून पुढं गेलं की हा चार पावलं त्याच्या मागं जायचा, त्याच्याच चालीनं. बस, एवढंच. तेवढ्यावर अख्खं बाकडं पोट धरून हसायचं.

समोरच माझं बांगड्यांचं दुकान. दहा वर्षं मी हे बघत आलेय, आणि खरं सांगते, हसतही आलेय. पण एका गोष्टीचं मला नेहमी नवल वाटायचं. सगळ्यात मोठ्यानं कोण हसायचं? काल ज्याची नक्कल झाली तो. आणि बाकड्यावरून आधी कुणीच उठायचं नाही. जो उठला त्याचा नंबर लागला, म्हणून लोक तहान लागली तरी दाबून बसायचे. म्हणजे निम्मं हसू "आज मी नाही" याचंच असणार. उरलेलं निम्मं कशाचं, ते मला कळत नव्हतं. एकदा मी जगनलाच विचारलं. तो म्हणाला, "आपा, मला कुठं हसू येतं? मी तर पाय बघून राहिलो." तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा स्वतः कधी हसतच नाही.

हरिचंदकाकांची नक्कल सगळ्यांच्या आवडीची. सत्तरीचा माणूस, जगनच्याच तांड्यावरचा, बाजाराला न चुकता येणारा. उजवा खांदा पुढं, मान वर, आणि ऐट अशी की अख्खा बाजार यांनीच भरवलाय.

गेल्या दिवाळीनंतर एका बाजारी काका थांब्यावरून गेले आणि जगन मागं लागला. तीन पावलं टाकून थांबला. मागं आला, पुन्हा तीन पावलं टाकली. त्याचा डावा पाय जमिनीला घासत होता. हशा झाला. जगन वळून म्हणाला, "हसू नका. मागल्या बाजारी काकाचा पाय असा नव्हता. लकवा मारून राहिला त्याला."

लोक आणखीच हसले. त्यांना हा नवा खेळ वाटला. जगन धावत जाऊन रतनसिंग ड्रायव्हरच्या पाया पडला, गाडी काढ म्हणाला. गाडीत चारच सवाऱ्या होत्या. रतनसिंगही हसत सुटला. आणि मी? मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग माझी नजर काकांच्या हाताकडं गेली. हात बघणं हा माझा धंदाच. डाव्या हातातली पिशवी गळून पडली होती, कांदे रस्त्यावर सांडले होते, आणि काकांना त्याचा पत्ताच नव्हता. ते तसेच पुढं चालले होते. दुकान उघडं टाकून मी रस्त्यात गेले आणि रतनसिंगला म्हणाले, "खरं हाय ते. गाडी काढ."

गाडी चार सवाऱ्यांवर काकांना घेऊन हिंगोलीला गेली. वेळेत आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पण हसण्यात गेलेली ती मिनिटं मला अजून टोचतात.

दोन महिन्यांनी काका काठी टेकत, पाय ओढत थांब्यावर आले. जो तो दुसरीकडं बघू लागला. जगननं त्या दिवसापासून नक्कल बंदच केली होती. तो जीपमागं जाऊन उभा राहिला. काकांनी त्याला हाक मारली.

"जगन, माझी चाल काढ."

"न्हाई काका. सोडलं ते."

"काहून? डॉक्टर म्हणते, पयल्यासारखं चाला. पयले मी कसा चालत होतो, मला काय ठावं? तूच बघत होता."

जगन पुढं झाला. उजवा खांदा पुढं, मान वर. त्याच्या मागं काठी टेकत काका, त्याची नक्कल करत. खांदा जमला, मान जमली, पाय काही जमला नाही. कुणी हसेना. तेव्हा काकाच थांबले, पुढं चाललेल्या स्वतःकडं बघत राहिले आणि हसायला लागले.

"इतक्या माजात चालत होतो का मी?"

मग मात्र आम्ही सगळेच हसलो. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बाकड्यावरची माणसं एकेक करून पाणी प्यायला उठली.