आटलेल्या समुद्रात भर कशाची?

काचेच्या टाकीतले समुद्राचे पाणी आटले, तर त्यात भर कशाची घालावी: समुद्राच्याच पाण्याची की गोड्या पाण्याची? प्रश्न सातवीच्या मुलालाही सुटावा इतका सोपा आहे. मी शाळेत शास्त्र शिकवत होतो आणि मला तो पाच आठवडे सुटला नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. एका लग्नासाठी फेब्रुवारीत रत्नागिरीला गेलो असता ओहोटीच्या डबक्यात मला वीतभर लांबीची समुद्रकाकडी सापडली. ही भाजी नव्हे, प्राणी आहे. तिला डोळे नसतात. तोंडाभोवतीच्या झुबक्याने ती वाळू उचलून गिळते, वाळूतले अन्न ठेवून घेते आणि उरलेली वाळू मागून माळेसारखी टाकते. सोलापुरातल्या माझ्या वर्गातील बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तिला घातले, समुद्राच्या पाण्याचे पाच कॅन व पिशवीभर वाळू घेतली आणि एसटीने घरी आलो. परीक्षा संपेपर्यंत हिला जिवंत ठेवीन आणि मे महिन्यात परत समुद्रात सोडीन, असा शब्द मी वर्गाला दिला.

पत्नीचे माहेर अक्कलकोटकडचे, घरची बोली कानडी. कानडीत काकडीला ‘सौतेकाई’ म्हणतात. तिने डोकावून आधी आपली बरणी ओळखली आणि मग म्हणाली, “सौतेकाई कसली, सवतच आणली की तुम्ही घरात! आणि तीही माझ्याच बरणीत बसवून!” तेव्हापासून घरात समुद्रकाकडीचे नाव ‘सवत’ पडले.

दोन कॅनांत टाकी भरली, तीन शिल्लक ठेवले. काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढली आणि नियम ठरवला: रोज संध्याकाळी जेवढे पाणी कमी होईल, तेवढे कॅनमधून भरायचे. हवेचा लहान पंप चालूच असे. मार्च लागला, ऊन तापले आणि रेघेखालचे अंतर रोज वाढू लागले. पहिला कॅन संपला, मग दुसरा. मे अजून दूर होता.

त्याच सुमारास सवत आखडली. वीतभराची चार बोटे झाली, वाळू गिळणे थांबले. भेदरली की ही आपली आतडी बाहेर टाकते, असे मी वाचले होते. म्हणून रोज उठल्याबरोबर तळाशी आतडी शोधत असे. मधल्या सुटीत सायकल काढून घरी येई, टाकीपुढे दोन मिनिटे उभा राही, परत जाई. फळ्यावर लिहिताना वाक्य अर्धे राही. वर्गात रोज विचारणा होई, “सर, आहे का?” मी “आहे” म्हणे. ते खोटे नव्हते, पण त्या उत्तराने मला स्वस्थता नव्हती.

एका संध्याकाळी शेवटच्या कॅनचे झाकण उघडले, तेव्हा पत्नी आमटी ढवळत होती.

“आज किती प्याली सवत?”

“ती पीत नाही. पाणी हवेत उडून जाते.”

“आणि मीठ? तेही उडतं?”

“छे, मीठ कसे उडेल?”

“मग रोज खारट पाणी काय ओतताय? आमटी आटली तर मी वरून पाणी घालते. पुन्हा मीठ घालत नाही की!”

मी झाकण परत लावले. बाष्पीभवनाचा धडा त्याच वर्षी मी दोन तुकड्यांना शिकवला होता.

तरीही मोजल्याशिवाय मानायचे नाही, ही सवय. दूध तपासायचा लॅक्टोमीटर घरात होता; पाणी जितके खारट, तितकी ही काचेची नळी त्यात अधिक वर तरंगते. समुद्राचे पाणी घनतेने दुधाच्या जवळपास असते. शेवटच्या कॅनमधल्या पाण्यात त्याची दुधाची खूण पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिली. टाकीत तीच खूण बोटभर वर आली. मी रेघ सांभाळली होती, समुद्र नव्हे.

एकदम गोडे पाणी ओतले तर तिला धक्का बसेल, म्हणून थोडे थोडे घालायचे ठरवले आणि क्लोरीन उडावा म्हणून आदल्या दिवशी भरून उघडे ठेवलेले नळाचे पाणी घेतले. टाकीतले एक फुलपात्र काढायचे, एक गोडे घालायचे. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. वळसंगहून येणारे आमचे दूधवाले मामा दारात उभे राहून हे पाहत होते. लॅक्टोमीटर माझ्या हातात दिसताच ते दचकले, मग सगळे ऐकून हसले. “व्वा मास्तर! आमी पाणी घातलं की चोरी, आन् तुमी घातलं की शास्त्र व्हय?”

“मामा, तुमच्या दुधातलं पाणी उडून गेलेलं नसतं,” आतून पत्नी म्हणाली.

नवव्या दिवशी खूण कॅनमधल्याइतकी आली. सवत तशीच आखडलेली. दहावा दिवस, अकरावा. मी दोन रजा घेतल्या आणि त्या टाकीपुढेच घालवल्या. बाराव्या दिवशी सकाळी तळाशी काहीतरी लांबट दिसले. आतडी समजून मी क्षणभर पाहूच शकलो नाही. ती वाळूची माळ होती. तिने गिळून टाकलेली, ताजी.

मे महिन्यात तिला त्याच डबक्यात सोडले. ती गोड्या पाण्यानेच सावरली, असे मी ठामपणे सांगणार नाही. एका प्राण्यावरून नियम काढता येत नाही. पाण्याचे मात्र तुम्हाला तपासता येईल. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून चाखा, पातळीची खूण करा आणि पेला उन्हात ठेवा. निम्मे आटले की चाखा. मग खुणेपर्यंत साधे पाणी घालून पुन्हा चाखा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. कृपया स्वतः करून पाहा.