हर्सूलला सोडलेलं इंजिन

पुण्याहून सुटलेल्या एसटीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलं होतं आणि कंडक्टर औरंगाबाद म्हणून ओरडत होता. तिकीट दोन्हींचं एकच होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. सुमन, म्हणजे माझी बायको, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन खिडकीशी बसली. आम्ही आमची गाडी आणायला निघालो होतो.

गाडी म्हणजे एक व्हॅन. या दोन नावांच्या शहरात नोकरीला असताना नवी घेतलेली. मागची बाकं काढून, रीतसर परवानगीनं, त्यात पलंग, कपाट आणि शेगडी बसवली आणि अर्धा देश तिच्यात झोपून पाहिला. दोन महिन्यांपूर्वी अजिंठ्याहून परतताना फुलंब्रीजवळ इंजिननं जीव सोडला. ट्रॅक्टरला बांधून ती हर्सूलला रहीमचाचांच्या गॅरेजात आणली. इंजिन बदलायची परवानगी हातात आल्यावर चाचांनी त्याच बनावटीचं दुसरं इंजिन चढवलं. राहिली होती त्याची सरकारदरबारी नोंद. गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं शुक्रवारी संपत होती. तोवर ती पास झाली नाही तर भंगारात द्यायची, असं आम्ही मुलाला कबूल करून बसलो होतो. कबूल केलं तेव्हा शुक्रवार फार लांब होता.

गोदावरी ओलांडली, गंगापूरकडचा ऊस दिसू लागला आणि सुमननं पिशवीतले कागद पुन्हा एकदा मोजले.

गुरुवारी दुपारी विमा कचेरीत गेलो. तिथल्या बाई समजूतदार होत्या. आधी परिवहन कार्यालयाची नोंद आणा, मग पॉलिसीत नंबर बदलते, म्हणाल्या. तोवर अवस्था अशी होती की विमा ज्या इंजिनाचा होता ते गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होतं आणि जे गाडीत होतं त्याला जगात कुणी ओळखत नव्हतं. संध्याकाळी जुन्या गावात नान-खलिया (तंदुरी रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खाल्ला. एरवी सुमन दुसरा नान मागते. त्या दिवशी पहिलाच उरला.

शुक्रवारी सकाळी चाचा स्वतः गाडी घेऊन परिवहन कार्यालयात आले. तिथे उद्घाटनाचा संगमरवरी दगड अर्ज घ्यायच्या खिडकीपेक्षा मोठा होता. निरीक्षक तरुण होते. इंजिनाचा नंबर नुसता वाचून चालत नाही. त्यावर कागद धरून वर पेन्सिल घासायची आणि उमटेल ती छाप अर्जाला चिकटवायची, अशी रीत आहे. त्यांनी इंजिनावर वाकून पाहिलं आणि तसेच थांबले.

"चाचा, लई छान रंगवलंय. पण नंबर कुठंय?"

चाचांनी इंजिनाला चंदेरी रंगाचे तीन हात दिले होते. कुणी सांगितलं नव्हतं. आकडे रंगाखाली पार बुजले होते.

"साब, भाभीकी गाडी है," चाचा म्हणाले. "इतक्या सालांनी माझ्याकडं आली. म्हटलं, नवरीसारखी सजवून द्यावी."

"नवरीचं नाव तर दिसू द्या."

कानस लावायची नाही, आकडा घासला गेला तर नंबर खोडला म्हणून वेगळंच प्रकरण उभं राहील, असं निरीक्षकांनी बजावलं. बाराला ते दुसरीकडे जाणार होते. साडेअकरा वाजले होते.

चाचांनी थिनर आणला. सुमननं गाडीच्या कपाटातून टूथब्रश काढला, माझाच. सत्तरीचा माणूस आपण जीव लावून दिलेला रंग आपल्याच हातानं घासून काढत होता आणि एकेक आकडा वर येत होता. सुमन तो मोठ्यानं वाचत होती. शेवटचा आकडा कागदावर तीन उमटला. कागदपत्रांत आठ होता. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"मैंच लगाया, मैंच निकालूंगा," चाचा पुटपुटले आणि पुन्हा वाकले. दुसऱ्या कागदावर आठ उमटला.

अर्जात इंजिन बदलण्याचं कारण लिहायचं होतं. मी लिहायला घेतलं की या इंजिननं आम्हाला... "सर, 'निकामी' लिहा," निरीक्षक म्हणाले. "तेवढीच जागा हाय." मी निकामी लिहिलं. मला पाठ असलेल्या जुन्या नंबरावर त्यांनी लाल रेघ ओढली आणि पुढच्या पाच वर्षांची नोंद केली. दुपारी विम्याच्या बाईंनीही शब्द पाळला.

चाचांना सोडायला हर्सूलला गेलो. जुनं इंजिन ताडपत्रीखाली होतं. त्याचं काय करू, असं चाचांनी विचारलं. ठेवून घ्यायला आमच्याकडे जागा नव्हती. सुमन त्यावर हात ठेवून जरा उभी राहिली. मग पदराला हात पुसत गाडीत बसली.

परतताना वाळूज मागे पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की नवं इंजिन जवळजवळ आवाजच करत नाही. जुन्याच्या घरघरीत आम्हाला ओरडून बोलावं लागायचं. लेह काय, कन्याकुमारी काय, आमचं सगळं बोलणं, भांडणंसुद्धा, त्याच पट्टीत झालेलं. सुमन अजून त्याच पट्टीत सांगत होती, की पुढच्या खेपेला अजिंठ्याला मुक्काम दोन दिवसांचा करू. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला वळून पाहायला लागला.

मीही तितक्याच मोठ्यानं म्हणालो, "करू."