फवारणी पंपाच्या रिंगा

मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला दुरुस्त करता येतं, अशी माझी ठाम समजूत होती.

माझ्या मामांचं रविवार कारंजाजवळ कॉफीचं छोटं दुकान होतं. नव्वदच्या दशकात मुंबईतलं एक हॉटेल बंद पडलं, तिथून त्यांनी दांड्याचं जुनं इटालियन कॉफी मशीन आणलं. ते आम्ही दोघांनी मिळून चालू केलं. दांडा खाली ओढून सोडायचा. आतली स्प्रिंग त्याला सावकाश वर नेते आणि कपात काळी, दाट धार उतरते. लग्नातल्या फेसाळ दुधाला लोक एक्स्प्रेसो म्हणतात, याचा मामांना भयंकर राग यायचा. स्वतःच्या कॉफीचा मात्र त्यांना अभिमान होता.

काही वर्षांनी पिस्टनवरच्या रबरी रिंगा झिजल्या. मामा म्हणाले, मुंबईहून मागवू. मी म्हटलं, कशाला? दिंडोरी रोडवर द्राक्षांच्या फवारणी पंपांचे सुटे भाग मिळायचे. तिथल्या नव्या रिंगा मापाला तंतोतंत बसल्या. गळती थांबली आणि मी हवेत.

पहिल्याच कपाला रबराचा वास आला. मला आला. जाईल दोन दिवसांत, म्हणून मी गप्प बसलो. मामांनी कॉफीच्या बिया बदलल्या, बॉयलर दोनदा धुतला. नेहमीची गिऱ्हाइकं कप अर्धा सोडून जायला लागली. शेवटी मामांनी मला विचारलं, "तुला काही वेगळं लागतं का रे?"

"नाही, मामा. छान झालीय."

इतकी वर्षं फिटर म्हणून वर ठेवलेलं नाक खाली करायची माझी तयारी नव्हती, दुसरं काही नाही. मामांनी मग दोष स्वतःकडे घेतला. वय झालं, जिभेला चव राहिली नाही, असं ते मामींना सांगू लागले. दिवाळीनंतर त्यांनी कॉफी बंद करून नुसती कोल्ड्रिंक्स ठेवली आणि मशीन माझ्या घरी पाठवून दिलं.

मग मी मुंबईहून खऱ्या रिंगा आणल्या. त्या बसवायला अर्धा तास लागला. कॉफी पूर्वीसारखी उतरली. मामांना घरी बोलावलं आणि कप हातात दिला. आज सगळं सांगायचंच, असं ठरवलं होतं.

मामांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, त्यांना कळलं. मला अक्षरशः सुटल्यासारखं झालं.

"म्हणजे जीभ शाबूत आहे माझी," ते म्हणाले. "कॉफी करायचा हातच गेला होता. उगाच मशीन तुझ्याकडे पाठवलं, त्रास दिला."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"त्रास कसला, मामा," मी म्हणालो.