हे खाते दुसरीकडे चालू आहे

मालिकेत एखादा माणूस संगणकासमोर बसलेला दिसतो, तेव्हा त्या संगणकाच्या पडद्यावर जे चालू असतं ते कुणीतरी आधी बनवून ठेवलेलं असतं. सोळा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईंना सेटवर सगळे पडदेताई म्हणत. पोलिसांचे नकाशे, हॅकरच्या हिरव्या आकड्यांची धार, सगळं त्यांच्या हातचं. गेम खेळणारा मुलगा दाखवायचा असला की मागणी ठरलेली असे: अंधारी खोली, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर निळा उजेड आणि दोन्ही हातांनी कळा बडवणं. पडदेताई स्वतः त्रेचाळीस वर्षांच्या, चष्म्याला दोरी लावणाऱ्या, आणि रोज तासभर गावं वसवायचा एक गेम खेळणाऱ्या. सेटवर कुणालाही ह्याचा पत्ता नव्हता. उगाच हसं कोण करून घेणार!

त्या दिवशी गुन्ह्यांच्या मालिकेचं चित्रीकरण होतं. घटना खरी होती. बावीस वर्षांचा एक मुलगा पाच आठवड्यांपूर्वी घरातून निघून गेला होता. गेमवरून वडिलांशी भांडण झालं, त्यांनी मॉनिटर जमिनीवर आपटला आणि मुलगा चपला घालून जो गेला तो परतलाच नाही. लेखकांनी शेवट लावून टाकला होता: गेमच त्याला गच्चीवरून उडी मारायला सांगतो. दुपारी मुलाची आई मुलाखतीला येणार होती. खरेपणा यावा म्हणून मुलाचा संगणकही तिच्याकडून मागून आणला होता.

“तो गेम उघडा, तसंच दिसेल असं काहीतरी करा, आणि वर लाल अक्षरांत ‘आता उडी मार’,” दिग्दर्शक म्हणाला. “तासाभरात हवंय.”

पडदेताईंनी संगणकाला दुसरा मॉनिटर जोडला, इंटरनेट दिलं. गेम त्यांच्या ओळखीचाच निघाला. त्यात उडी मारायला सांगणारं कुणी नव्हतं; फार तर विहीर आटल्याची सूचना येई. मुलाचं तिथलं नाव होतं कासव, आणि पासवर्ड संगणकातच साठवलेला होता. त्यांनी कळ दाबली. पडद्यावर ओळ आली: ‘हे खाते दुसरीकडे चालू आहे.’

पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा तीच ओळ. म्हणजे या क्षणी कुणीतरी त्याच्या नावाने खेळत होतं. तोच, की खातं चोरणारा आणखी कुणी?

त्यांनी आपला फोन काढला, आपल्या खात्यातून गेममध्ये शिरल्या आणि कासव शोधलं. ते एका पुलावर उभं होतं. त्यांनी लिहिलं, “तुझी आई आज माझ्या कामावर येतेय. तू जिवंत नाहीस असं धरून तुझ्यावर कार्यक्रम चाललाय. तू तोच आहेस का?”

उत्तर आलं. “आईला विचारा, आजोबांचं घड्याळ कुणी फोडलं.”

पडदेताई मेकअपच्या खोलीकडे धावल्या. बोळात दिग्दर्शकाने अडवलं. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, “मुलाखत होऊ दे. वीस मिनिटं. मग सांगा.”

“वीस मिनिटांत तो निघून गेला तर?”

“ताई, तुमचं काम पडद्याचं आहे.”

“तेच करतेय,” म्हणत त्या त्याच्या बाजूने पुढे गेल्या.

आई गळ्याशी रुमाल खोचून आरशासमोर बसली होती. पडदेताईंनी आडपडदा न ठेवता प्रश्न विचारला.

“घड्याळ? ते मी फोडलं,” आई म्हणाली. “त्याने आळ स्वतःवर घेतला. घरात आजही कुणाला माहीत नाही.” मग तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

पडदेताईंनी उत्तर लिहून पाठवलं आणि फोन तिच्यासमोर धरला. पुलावर आता चार-पाच जण जमले होते.

“यातला माझा कोणता?”

“हिरव्या टोपीचा.”

आईने त्या टोपीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. दारात दिग्दर्शक उभा होता, मागे कॅमेरावाला. अखेर बोटाखाली अक्षरं उमटली. “रडू नको म्हणावं तिला. मी बरा आहे. बाबांना इतक्यात सांगू नका.”

गेममधल्याच एका सवंगड्याकडे तो राहत होता. हा सवंगडी म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले, गुडघे धरलेले एक मास्तर. ‘घरी कळव’ म्हणून ते रोज मागे लागत, आणि हा ‘उद्या’ म्हणे. आई मुलाखत न देता उठली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच बसने त्याला भेटून आली.

कार्यक्रम नावं बदलून दाखवला गेलाच. लाल अक्षरं दुसऱ्या कुणी बनवली. पडदेताईंना त्या सेटवरून पुन्हा बोलावणं आलं नाही; दोन महिने हात रिकामे राहिले, मग एका विनोदी मालिकेत काम मिळालं.

कार्यक्रम लागला तोवर वडिलांना सगळं कळलं होतं, पण बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. तो भाग वडिलांनी एकट्याने बसून पाहिला. गच्चीवरचा प्रसंग आला तेव्हा आई स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघत होती. भाग संपला, जाहिराती लागल्या, तरी ते उठेनात. मग त्यांनी मुलाला फोन लावला. पलीकडून “हॅलो” आलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “आहेस ना, एवढंच.”