आर्डिसचा लाल ठिपका

बायको आर्डिस गेली त्याला तीन आठवडे झाले होते आणि ऑर्लिन होगस्टाडच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. चर्चमध्ये प्रार्थना झाली, तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी आणि हॅमचे सँडविच झाले, सगळे हात हातात घेऊन दोन शब्द बोलून गेले. जमीन गोठून दगड झालेली, म्हणून शवपेटी एप्रिलपर्यंत दफनभूमीच्या शेडमध्ये थांबणार होती. "असू दे," ऑर्लिन पाद्र्याला म्हणाला होता, "तिला घाई कधीच नसायची." हसावं की नाही ते न कळून पाद्री बिचारा तसाच उभा राहिला.

माणूस वाईट नाही हो! चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक तोलले, एका शेतकऱ्याने कधी काट्याबद्दल तक्रार केली नाही. पण तीन आठवडे त्याला आतून काही जाणवतच नव्हतं. दात काढायला गेल्यावर सुई टोचतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं. आणि त्याच बधिरपणात त्याने चूक करून ठेवली. मुलगी रोंडा फार्गोहून आली होती. ती म्हणाली, "बाबा, आईचं सामान मी आवरून टाकते. रोज डोळ्यांसमोर नको तुझ्या."

"आवर."

"चष्मे? कोट? ते फ्रीजवरचे कागद?"

"ने ग बाई, सगळं ने. विचारत काय बसलीस!"

रोंडा कामाची पोरगी. दोन दिवसांत घर चकाचक. कपडे चर्चच्या विक्रीला गेले, विणकाम निम्मं राहिलं होतं ते कुणा मैत्रिणीकडे, याद्या आणि चिठ्ठ्या कचऱ्यात. तिची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ऑर्लिन स्वयंपाकघरात येऊन बसला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की या घरात आर्डिसच्या हातचं काही म्हणता काही उरलेलं नाही. फोटो होते. पण फोटोत ती दिसते एवढंच. तो काही तिच्या हातचा नव्हे.

मग त्याला ठिपके आठवले.

नवरा-बायकोचा हा अकरा वर्षांचा उद्योग. मंगळवारी ऑर्लिन गावातल्या बँकेतून निकलची, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यांची, पेटी आणायचा. पन्नास कागदी रोल, एकेकात चाळीस नाणी, आणि उचलताना कंबर धरते ती वेगळीच. मग दोघं टेबलाशी समोरासमोर बसून एकेक नाणं बघायचे. आर्डिस तोंडाची बाजू बघून साल वाचायची, ऑर्लिन मागची, घुमटवाल्या घराची बाजू बघायचा. घुमटावर मोठं अक्षर दिसलं की ते युद्धाच्या वर्षांतलं, चांदी मिसळलेलं नाणं, पाच सेंटहून कितीतरी मोलाचं. असं एक निघालं की आर्डिस टेबलावर अशी थाप मारायची की कॉफी सांडायची. गव्याचं चित्र असलेलं जुनं नाणं निघालं तर त्या दिवशी ती ॲपल पाय भाजायची. बाकीची नाणी परत कागदात गुंडाळायची आणि गुरुवारी आर्डिसने नदीपलीकडच्या बँकेत नेऊन भरायची. जिथून घेतली तिथेच परत द्यायची नाहीत, हा नाणी शोधणाऱ्या लोकांचा पहिला कायदा. नाहीतर आपलंच उष्टं पुन्हा आपल्याच ताटात.

तरी उष्टं यायचंच! गावं केवढी, दुकानं किती, नाणी जाऊन जाऊन जाणार कुठे? म्हणून ऑर्लिनने तोड काढली. बघून झालेल्या प्रत्येक रोलच्या टोकाला जे नाणं येईल, त्यावरच्या अध्यक्षसाहेबांच्या गालावर आर्डिसने नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. म्हणजे रोलचं टोक उलगडलं की कळलं, हा आपलाच. पहिली दोन वर्षं पेटीत चार-सहा ठिपके हटकून निघायचे. "आलात का पुन्हा? लाज नाही वाटत?" असं आर्डिस त्या नाण्याला विचारायची. नंतर ठिपके यायचे थांबले. चांगली नाणीही निघेनाशी झाली, पण त्याचं खापर ऑर्लिनने गावातल्या कुणा तिसऱ्याच शोध्यावर फोडलं. कोण ते त्याला कधी सापडलं नाही, तरी औषधाच्या दुकानवाल्याशी त्याने दोन वर्षं नीट बोलणं ठेवलं नव्हतं. ठिपक्यांचं मात्र त्याला कौतुक वाटायचं. आपली नाणी डकोटाची दोन्ही राज्यं ओलांडून पार डोंगरात पोचली असणार, असं तो सांगायचा.

आता त्याला त्यातला एक ठिपका हवा होता. एकच. तिने ब्रश बुडवून, जीभ दातांत धरून दिलेला. तो हातात आला की आपल्याला रडू फुटेल, एवढं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं, आणि दुसरं काही त्याला सुचतही नव्हतं.

गावातल्या बँकेतून त्याने तीन पेट्या आणल्या आणि एकट्याने उलगडल्या. साल बघितलं नाही, घुमट बघितला नाही, फक्त गाल. एक चांदीचं नाणं आपण होऊन समोर आलं, ते त्याने दुधाच्या पैशांत देऊन टाकलं. शौकीन लोकांनी हे ऐकलं असतं तर छाती बडवली असती. पण ठिपका काही निघाला नाही.

गुरुवारी तो कायदा मोडून नदीपलीकडे गेला. अकरा वर्षांत त्या बँकेत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. काउंटरवर लव्हॉन होती. साठीला आलेली बाई, आर्डिसबरोबर चर्चच्या गायकवृंदात होती.

"ऑर्लिन! या, या. कसे आहात?"

"ठीक."

"मी आले होते चर्चमध्ये. तुम्ही मला तीनदा म्हणालात, आल्याबद्दल आभार."

"म्हणालो असेन. लव्हॉन, मला निकलचे रोल हवेत. आर्डिस भरायची ते. लाल ठिपकेवाले."

लव्हॉनने हातातलं पेन खाली ठेवलं. "ते नाही मिळायचे."

"पुढे गेले असतील, ते कळतं मला. पण एखादा मागे, तिजोरीत कुठेतरी..."

"अहो, ठिपका घेऊन एकही नाणं या दारातून बाहेर पडलेलं नाही. निदान नऊ वर्षांत तरी नाही. आर्डिस पुसायची ना!"

ऑर्लिनने हातमोजे काढून काउंटरवर ठेवले.

"त्या तिथे, खिडकीपाशी खुर्चीवर बसून," लव्हॉन म्हणाली. "पर्समधून रिमूव्हरची बाटली आणि कापूस काढायची. टोकाचा कागद उलगडायचा, पुसायचं, परत मिटायचा. पन्नासच्या पन्नास. सगळ्या बँकेत वास सुटायचा. मॅनेजर एकदा तोंड वर करून बोलायला गेला, तर त्याच्याच हातात कापूस दिला तिने."

"घरी ठिपके द्यायची आणि इथे येऊन पुसायची?"

"हो."

"म्हणजे ती नाणी येतच होती. आमचीच. सारखी."

"येत असणार. जाणार कुठे?"

"पण का पुसायची?"

लव्हॉनने मागे कुणी गिऱ्हाईक नाही ना ते बघितलं. "मीही विचारलं होतं. म्हणाली, ऑर्लिन म्हणाला, अर्धी पेटी आपलीच निघाली की हा उद्योग बंद. आणि काल अकरा निघाले, लव्हॉन, अकरा! बंद केलं तर हा माणूस गॅरेजमध्ये जाऊन बसेल, आणि मग मी याच्याशी बोलू कुठे?"

"मी असं म्हणालो नाही."

"स्टोव्हपाशी उभे होतात म्हणे. कॉफी ओतून घेत होतात."

"नाही म्हणालो मी."

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी गेली, काच थरथरली.

"शेवटची कधी आली होती?" ऑर्लिनने विचारलं.

"ऑक्टोबरात. हात कापत होते. मी म्हटलं, आण इकडे, मी पुसते. देईना. म्हणाली, एक जरी राहिला तरी त्याला दिसेल."

"मग राहिला असेल एखादा. हात कापत होते ना? बघ ना जरा."

"नाही हो ऑर्लिन. त्या दिवशी ती इथून निघाल्यावर मी सगळे रोल पुन्हा तपासले. तिनेच सांगून ठेवलं होतं मला."

त्याने मान हलवली, आभार मानले, आणि हातमोजे घालून बाहेर आला. गाडी सुरू केली, पण काचेवरचा बर्फाचा थर विरघळेपर्यंत थांबावं लागणार होतं, म्हणून बसून राहिला. स्टोव्ह आठवला. कॉफीचं भांडं आठवलं, त्याची तुटलेली मूठ आठवली, भांडं धरून आपण उभे असलेल्या शेकडो सकाळी आठवल्या. टेबलाशी बसलेली ती, मान खाली घालून साल वाचणारी, तीही दिसली. त्यातल्या एका सकाळी तिने मान वर करून आपल्याकडे घाबरून बघितलं असणार, ती सकाळ कुठली ते तो शोधत होता. काचेवरचा थर विरघळला, पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसायला लागला. रडू आलं नाही. ज्या एका वाक्याला भिऊन त्याची बायको नऊ वर्षं दर गुरुवारी नदी ओलांडत होती, ते वाक्य त्याला काही केल्या आठवत नव्हतं.