कोळशाचा लाभांश

मी वारज्यात राहतो, खासगी नोकरी करतो आणि मला पेन्शन नाही. निवृत्तीनंतर दरवर्षी लाभांश देत राहतील असे शेअर्स आतापासूनच जमवायचे, असं मी ठरवलं. बँकांचे घेतले, औषध कंपन्यांचे घेतले. ऊर्जा क्षेत्रापाशी मात्र घोडं अडलं.

सदाशिव पेठेतल्या सल्लागारांनी तीन कंपन्या सुचवल्या होत्या. एक विजेच्या वाहिन्या टाकणारी, दुसरी गॅसच्या पाइपलाइनची, तिसरी कोळशावर वीज करणारी. लाभांश तिसरीचाच चांगला होता, आणि तो तिनं कधी चुकवला नव्हता. कर्ज काढून तो वाटत नाही ना, हेही मी तपासलं. तरीसुद्धा तिच्याबद्दल काही ना काही विचारतच राहिलो. शेवटी सल्लागारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, तुम्हाला शेअर घ्यायचेत की मुलगी द्यायची आहे?"

पहिल्या दोन कंपन्यांवर समाधान मानून मी उठलो.

खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. माझे वडील विदर्भात एका वीजकेंद्रावर ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करत. ते केंद्र वेगळं आणि ही कंपनी वेगळी, पण कोळसा कोळसाच. वडील खोकून खोकून गेले. त्या धंद्याचा पैसा स्वतःच्या म्हातारपणासाठी घ्यायला माझं मन होत नव्हतं. तो नाकारण्यात आपला काही मोठेपणा आहे, असंही थोडं वाटत होतं.

आई आता आमच्याकडेच असते. त्या संध्याकाळी ती मेथी निवडत होती. शेअर म्हणजे काय, असं तिनं विचारलं. कंपनीत आपली थोडीशी मालकी असते, असं मी सांगितलं. कोणत्या दोन घेतल्या आणि कोळशाची सोडली, हेही सांगितलं.

"मंग कोळशाची काहून नाई घेतली?"

"बाबांमुळे."

तिचे हात थांबले. "तुह्या बापाचा जनम गेला त्यात. आता मालकीची बारी आली, त सोडून राह्यला तू?"

मला राग आला. तिला कौतुक वाटेल अशी माझी समजूत होती. पण पुढच्या आठवड्यात मी ते शेअर घेतले.

भागधारकांची वार्षिक सभा आता घरबसल्या लॅपटॉपवर होते. आधी नाव नोंदवलं तर प्रश्नही विचारता येतो. हे कळल्यावर आई म्हणाली, "मालक हायेस न तू? मंग विचार त्याईले." ठेकेदाराच्या माणसांची दरवर्षी छातीची तपासणी होते का, एवढंच विचारायचं आमचं ठरलं.

सभेच्या दिवशी आई पांढरी साडी नेसून माझ्या शेजारी बसली. माझ्याआधीच्या भागधारकांनी अध्यक्षांची स्तुती केली आणि लाभांश वाढवून मागितला. माझी पाळी आली तेव्हा मी ठरलेला प्रश्न कागदावरून वाचला. अध्यक्ष हिंदीतून अदबीनं म्हणाले, आदरणीय भागधारक, आपण फार चांगला मुद्दा मांडलात, आपल्याला लेखी कळवू. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

मी लॅपटॉप बंद केला. "उत्तर काही दिलं नाही त्यांनी," मी आईला म्हणालो. "कळवणारही नाहीत."

आईचं तिकडे लक्ष नव्हतं. डोळे पदरानं पुसत ती म्हणाली, "तुले 'आप' म्हनलं त्यानं. तुह्या बापाले नावानंबी कोनी हाक नाई मारली तिथं. 'ए कोयला' म्हनत."

हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.