राजलक्ष्मीचा डावा हात

शेळगावच्या गेणबांची राजलक्ष्मी शाळेत होती तेव्हा पोरं तिला 'फावडी' म्हणायची. वरचे चार दात पुढं आलेले, मधल्या दोन्हींच्या कडा झिजलेल्या. हसू आलं की तिचा डावा हात आपसूक तोंडावर जायचा. पुढं ती अंगणवाडीत मुलांना गाणी शिकवायला लागली, तीही तोंडावर हात धरूनच.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वडिलांना घेऊन ती बारामतीला दातांच्या वैदेही डॉक्टरांकडं गेली. मग दर महिन्याला एसटीनं जायचं, तारा आवळून घ्यायच्या आणि दोन दिवस नुसता भात कालवून गिळायचा. असं दीड वर्ष चाललं. दात रांगेत आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आता दात तासून कॅप बसवायची गरज नाही. दात तुझेच राहतील. झिजलेल्या कडांवर फक्त पातळ थर चढवते." आणि गेणबांच्या देखत बजावलं, "पण या दातांनी ऊस सोलायचा नाही. कधीच नाही."

आरशात पाहून राजलक्ष्मी खळखळून हसली. हात मांडीवरच राहिला. अंगणवाडीतली मुलं महिनाभर बाईंकडं बघून उगाच हसत होती.

मग कोऱ्हाळ्याचे पाहुणे तिला बघायला आले. पोरीचे दात बसवलेले आहेत, असं कुणीतरी मुलाच्या आईच्या, कौसल्याबाईंच्या, कानावर घातलं होतं. पोहे झाल्यावर त्यांनी पिशवीतून उसाचं कांडं काढलं.

"आमच्या रानातलं हाय. सोलून दाव की गं. म्होरल्या दातानं हं!"

बरोबरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

राजलक्ष्मीनं वडिलांकडं पाहिलं. पाहुण्यांपुढं उपचाराचं नाव काढायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"आबा..."

"सोल की, पोरी," गेणबा हसत म्हणाले. "दात तुझंच हायत न्हवं?"

तिनं कांडं तोंडाला लावलं. साल निघाली. तिच्याबरोबर एका दाताची कडही निघाली. ती तिनं रसासोबत गिळली आणि तोंडावर हात धरला.

"बघा, लाजती कशी!" कौसल्याबाई खूश झाल्या. "अशीच पायजे. दात काढून हसणारी सून न्हाय चालत आमच्यात. साखरपुड्याची तारीख काढा, गेणबाराव."

गेणबांनी लेकीपुढं पेढा धरला. राजलक्ष्मीनं तो डाव्या हाताआड खाल्ला.